फोर्ड ८एनचं इग्निशन वायरिंग नव्याने करताना: कॉइल नंतर, व्होल्टेज आधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९४९ सालचा फोर्ड ८एन ट्रॅक्टर, पेट्रोल इंजिन, ६ व्होल्टची बॅटरी, डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग) इंजिनाच्या पुढच्या तोंडावर. वायरींचं वेष्टण कडक होऊन तडकलंय आणि जागोजागी टेप मारून जोड दिलेत. थंड असताना ट्रॅक्टर नीट सुरू होतो. अर्ध्या तासाने मिसिंग करायला लागतो आणि बंद पडतो, मग गार झाला की पुन्हा चालतो. दोन कॉइल (बॅटरीच्या व्होल्टेजपासून ठिणगीचा उच्च दाब बनवणारा भाग) बदलून झाल्या. चावीच्या स्विचपासून कॉइलपर्यंत एकच सलग वायर आहे. आता सगळं वायरिंग नवीन करायचं आहे आणि लगे हाथ १२ व्होल्टवर जावं का, असाही प्रश्न आहे.

या सगळ्यात मला खटकलं ते "एकच सलग वायर" हे. पुढे डिस्ट्रिब्युटर असलेल्या ८एनला ती तशी नसते. स्विच आणि कॉइल यांच्या मध्ये एक रेझिस्टर असतो, डॅशच्या मागच्या टर्मिनल ब्लॉकवर. तो जळाला किंवा तुटला की पुष्कळ लोक त्याला वगळून थेट वायर ओढतात. ट्रॅक्टर लगेच सुरू होतो, उलट थंडीत आधीपेक्षा झटक्यात सुरू होतो, त्यामुळे काम झालं असंच वाटतं. पण कॉइल त्या दिवसापासून भाजायला लागलेली असते.

याचं गणित सोपं आहे. त्या चौकोनी कॉइलच्या प्रायमरीचा, म्हणजे बॅटरीकडच्या वेढ्यांचा, रोध एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. इंजिन चालू असताना डायनॅमो चार्जिंगला सात व्होल्टपर्यंत देतो. रेझिस्टर नसेल तर पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले, कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) मिटलेले असताना सात अँपिअर किंवा त्याहून जास्त करंट कॉइलमधून जातो. पॉइंटना चार अँपिअरच्या आसपास करंट सुखाने झेपतो. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे करंट पावणेदोन पट झाला तर उष्णता तिप्पट. त्यात ही कॉइल बसते इंजिनाच्या तोंडावर, रेडिएटरमागच्या गरम वाऱ्यात. आतलं वेष्टण तापून ढिलं होतं, वेढे एकमेकांत शॉर्ट होतात, ठिणगी मरते. गार झालं की वेढे पुन्हा सुटतात. दोन कॉइल अशाच गेल्या असणार, आणि रेझिस्टर बसवल्याशिवाय तिसरीही जाईल.

मूळ रेझिस्टर नुसता रोध नाही. थंड असताना त्याचा रोध कमी असतो आणि तापला की वाढतो. स्टार्टर फिरताना बॅटरी दबलेली असते तेव्हा तो कॉइलला जास्तीत जास्त पोचू देतो आणि इंजिन चालू झालं की करंट आवरतो. म्हणून या ट्रॅक्टरसाठी बनवलेलाच रेझिस्टर घ्या. कुठल्याही गाडीचा सिरॅमिक ठोकळा आणून लावू नका, कारण त्याचा रोध ६ व्होल्टसाठी बहुतेक वेळा जास्त असतो आणि मग थंडीत ठिणगी कमी पडते.

इथे एक खुलासा हवा. ८एन १९४७ ते १९५२ या काळात निघाला. १९५० मध्ये, अनुक्रमांक २६३८४४ पासून, डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या बाजूला आला आणि कॉइल गोल डब्याची झाली. त्या ट्रॅक्टरला ६ व्होल्टवर हा रेझिस्टर लागत नाही आणि पॉइंटची फटही वेगळी असते. कुठलीही माहिती वाचताना ती पुढच्या डिस्ट्रिब्युटरची आहे की बाजूच्या, हे आधी बघा. बरेच घोटाळे इथेच होतात.

आता वायरिंगकडे येऊ. काहीही उखडण्याआधी आहे तसं मोजून घ्या. जुनं वायरिंग खराब आहे हे दिसतंच आहे, पण व्होल्टेज नेमकं कुठे गळतंय हे कळलं तर नवीन काम करताना कुठे जपायचं तेही कळतं. ६ व्होल्टच्या यंत्रात हे १२ व्होल्टपेक्षा कितीतरी जास्त महत्त्वाचं आहे. एखाद्या गंजलेल्या जोडात ०.५ व्होल्ट गेला तर १२ व्होल्टमधून चार टक्के गेले, ६ व्होल्टमधून आठ टक्के गेले. आणि कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गावर अवलंबून असते. करंट दहा टक्के घटला की ठिणगीची ऊर्जा जवळजवळ एकोणीस टक्के घटते. चार-पाच जोडांत थोडं थोडं गळालं तर एकही जोड "खराब" दिसत नाही आणि तरी ट्रॅक्टर ओढीला आला की मिसिंग करतो. ६ व्होल्टला लोक नावं ठेवतात ती बहुतेक वेळा या गळतीमुळे.

मोजायची पद्धत अशी. मल्टिमीटर ओहमवर नाही, डीसी व्होल्टवर ठेवा. कमी रोध ओहमवर मोजायला गेलं तर मीटरच्या स्वतःच्या वायरीच ०.२ ओहम दाखवतात, आणि आपल्याला त्याहून लहान गोष्ट शोधायची आहे. एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, क्लॅम्पवर नाही, प्रत्यक्ष शिशाच्या खांबावर. दुसरं टोक रेझिस्टरच्या आत येणाऱ्या टर्मिनलवर. स्विच चालू, पॉइंट मिटलेले. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर मागे मागे सरका: स्विचची बाहेरची बाजू, स्विचची आतली बाजू, अँमीटरचे दोन्ही स्क्रू, सोलेनॉइड (स्टार्टरचा करंट जोडणारा स्विच). जिथे आकडा एकदम उडी मारतो तो जोड दोषी. जुन्या ट्रॅक्टरमध्ये चावीचा स्विच आणि अँमीटरचे नट हे दोन नेहमीचे गुन्हेगार. नंतर अर्थच्या बाजूनेही असंच करा: बॅटरीच्या धन खांबापासून इंजिन ब्लॉकवरच्या स्वच्छ घासलेल्या जागेपर्यंत, आणि हे स्टार्टर फिरत असताना. तिथेही ०.२ ते ०.३ व्होल्टच्या वर काही दिसायला नको.

स्विच चालू ठेवून तपासणीत रेंगाळू नका. इंजिन बंद असताना पॉइंट मिटलेल्या जागी थांबलं असेल तर सगळा करंट सलग कॉइलमधून वाहतो. मोजायचं, लगेच बंद करायचं.

वर मी धन खांब अर्थला म्हटलं ते चुकून नाही. या ट्रॅक्टरची मूळ रचना पॉझिटिव्ह अर्थ आहे, धन खांब बॉडीला. "बॅटरी काढताना आधी ऋण काढा" ही सवय इथे धोक्याची ठरते. खरा नियम आहे आधी अर्थ काढा आणि जोडताना अर्थ शेवटी जोडा. ८एनमध्ये म्हणजे धन खांब आधी सुटला पाहिजे. तुम्ही आधी ऋण खांबाचा नट सोडायला गेलात आणि पाना बॉनेटच्या पत्र्याला टेकला, तर पाना तिथेच चिकटतो, लाल होतो, आणि बॅटरीवर हायड्रोजन असतोच.

जुनं वायरिंग काढताना एकदम सगळं ओढून काढू नका. प्रत्येक वायरला दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर लिहून चिठ्ठी लावा, फोटो काढा, आणि शक्य असेल तर एक वायर काढली की तिच्या जागी एक नवी घाला. आधीच्या माणसाने रंग वाटेल तसे वापरले असतील, त्यामुळे रंगावर भरवसा ठेवू नका.

वायरची जाडी सांगतो. इग्निशनच्या फांदीला २.५ चौरस मिलिमीटरची बहुतारी तांब्याची वायर. चार्जिंगच्या वायरीला, म्हणजे डायनॅमो, रेग्युलेटर, अँमीटर, सोलेनॉइड या मार्गाला, ६ चौरस मिलिमीटर. आणि बॅटरीच्या केबल ५० चौरस मिलिमीटर किंवा त्याहून जाड. या शेवटच्या बाबतीत काटकसर करू नका. कारसाठी मिळणारी तयार केबल १२ व्होल्टच्या हिशोबाने बनवलेली असते. तेवढ्याच ताकदीच्या स्टार्टरला ६ व्होल्टवर दुप्पट करंट लागतो. बारीक केबल लावली की स्टार्टर रडत फिरतो, तो फिरत असताना बॅटरीचं व्होल्टेज चारपर्यंत कोसळतं आणि नेमकं त्याच क्षणी कॉइलला ठिणगी पाडायची असते. "ढकलून लगेच सुरू होतो, स्टार्टरवर होत नाही" या तक्रारीचं मूळ इथे असतं.

अर्थची पट्टी बऱ्याच ट्रॅक्टरवर बॅटरीजवळच्या पत्र्याला आवळलेली दिसते. त्या पत्र्यावर रंग, खाली गंज, आणि तिथून इंजिनापर्यंत आणखी दोन-तीन बोल्टचे जोड. मी ती नेहमी थेट गिअरबॉक्स किंवा बेल हाउसिंगच्या बोल्टवर घेतो, जागा चकचकीत घासून, आणि आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन. रंग नवीन केलेल्या ट्रॅक्टरला तर हे जास्तच लागू. सुंदर रंगवलेले ट्रॅक्टर सुरू होत नाहीत, कारण प्रत्येक अर्थखाली रंगाचा थर बसलेला असतो.

जोड देताना थिंबल चांगल्या क्रिम्पिंग पक्कडीने दाबा, वर श्रिंक स्लीव्ह घाला. साध्या पक्कडीने नुसतं चेमटवलेलं थिंबल ओढून बघितलं की हातात येतं. डाग द्यावा (सोल्डर करावं) का, यावर मतं आहेत. माझं मत असं की ट्रॅक्टरच्या थरथरीत डाग जिथे संपतो तिथे वायर काडीसारखी कडक होते आणि नेमकी तिथेच तुटते. त्यामुळे नुसतं नीट क्रिम्पिंग बरं. वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट हवंच, एक्झॉस्टपासून हातभर लांब मार्ग काढा, आणि जुन्या देखाव्याची हौस असेल तर वरून कापडी विणीची नळी चढवा. तिचा इंजिनाला काही उपयोग नाही, पण ट्रॅक्टर शोभून दिसतो आणि मला ती आवडते.

फ्यूज मूळ इग्निशनला नाही. दिव्यांच्या फांदीला जरूर टाका. इग्निशनच्या फांदीत मी टाकत नाही, कारण स्वस्त फ्यूज होल्डर हाच एक नवा गळका जोड होऊन बसतो.

आता डिस्ट्रिब्युटर. खरं काम इथे आहे, आणि वायरिंग बदलणारे बहुतेक लोक याला हात न लावता बाहेरच्या वायरी चकाचक करतात. तो पंख्यामागे अडचणीत बसलेला आहे, जागेवर वाकून पॉइंट लावायची झटापट करू नका. कॉइल दाबून धरणारी तारेची कडी सोडा, कॉइल आणि टोपी काढा, दोन बोल्ट काढा, अख्खा डिस्ट्रिब्युटर टेबलावर घ्या. बसवताना तो एकाच स्थितीत बसतो, कारण खालच्या दांड्याची जीभ मध्यापासून बाजूला सरकलेली असते. हाताने सहज बसला नाही तर दांडा अर्धा फेरा फिरवा. बोल्ट आवळून ओढून घ्यायला गेलात तर कवच फुटेल.

टेबलावर घेतल्यावर आधी करंटचा रस्ता डोळ्यांनी चाला. कॉइलच्या तळाला एक स्प्रिंग असते. ती डिस्ट्रिब्युटरच्या कवचातल्या पितळी टोकावर टेकते. ते टोक इन्सुलेटरमधून आत येतं, तिथून एक तांब्याची पातळ पट्टी पॉइंटच्या हलत्या हातापर्यंत जाते. कंडेन्सरही त्याच बिंदूला जोडलेला. ही सगळी जागा कवचापासून पूर्ण अलग हवी. पट्टी जरा वाकून कवचाला टेकली किंवा इन्सुलेटर तडकला की ठिणगी गेली, आणि कधी कधी हे गरम झाल्यावरच घडतं. पॉइंटमध्ये कोरा कागद घाला, मीटर ओहमवर ठेवा, पितळी टोक आणि कवच यांच्यात मोजा. रोध अनंत दिसला पाहिजे. मीटर लावलेला असतानाच पट्टी, स्क्रू आणि कंडेन्सरची वायर बोटाने हलवून बघा. आकडा एकदाही थरथरला तर दोष सापडला. मग कागद काढून पॉइंट मिटू द्या: आता रोध मीटरच्या वायरींइतकाच, जवळजवळ शून्य. तसा नसेल तर पॉइंटवर घाण आहे. नवीन पॉइंटवरही गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो. तो न पुसता बसवलेल्या नव्या पॉइंटमुळे ठिणगीच पडली नाही, असं कितीदा तरी बघितलंय. स्वच्छ कडक कागद पॉइंटमध्ये धरून दोन-चारदा ओढा, कागदावर डाग यायचा थांबेपर्यंत.

कॉइलच्या तळाची ती स्प्रिंग दाबून सपाट झाली असेल तर हलकेच ओढून लांब करा. ती पितळी टोकाला ओझरती टेकत असेल तर ट्रॅक्टर आज सुरू होतो आणि उद्या होत नाही.

फट ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिलिमीटर, कॅमच्या उंचवट्याच्या अगदी माथ्यावर. बाजूच्या डिस्ट्रिब्युटरला ती ०.०२५ इंच असते. फट फक्त एका उंचवट्यावर लावून सोडू नका, चारही उंचवट्यांवर मोजा. फरक ०.००२ इंचाहून जास्त आला, किंवा दांडा बोटाने बाजूला हलवला की फट बदलली, तर बुश झिजलं आहे. मग तुम्ही कितीही चांगले पॉइंट टाका, प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वेगळ्या क्षणी पडणार. बुश बदलणं हाच उपाय. कॅमला ग्रीसचा बारीक ठिपका लावा, आतल्या वजनांच्या खिळ्यांवर तेलाचा एक थेंब, स्प्रिंगा तुटलेल्या नाहीत ना तेवढं बघा.

कंडेन्सर ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरडचा असतो. पॉइंट उघडताना करंटला जायला जागा देणं हे त्याचं काम, म्हणजे पॉइंटवर आर्क न होता कॉइलमधलं चुंबकक्षेत्र एकदम कोसळतं आणि सेकंडरीत, म्हणजे प्लगकडच्या वेढ्यांत, उच्च दाब उठतो. जुने पॉइंट काढाल तेव्हा फेकण्याआधी भिंगाने बघा. एका टोकावर खड्डा आणि समोरच्यावर त्याच मापाची टेकडी झाली असेल तर कंडेन्सरची क्षमता चुकीची आहे. दोन्ही बाजू काळ्यानिळ्या भाजलेल्या असतील तर करंट जास्त जातोय, आणि तुमच्या ट्रॅक्टरवर मला हेच दिसेल असं वाटतं.

प्लगच्या वायरी तांब्याच्या गाभ्याच्या घ्या. कार्बन गाभ्याच्या वायरी रेडिओतली खरखर टाळण्यासाठी असतात, इथे त्यांचा फायदा नाही. फायरिंग ऑर्डर १-२-४-३, प्लगची फट ०.०२५ इंच. टोपीत आतून केसासारखी काळी रेघ दिसली तर टोपी बदला, घासून ती जात नाही.

१२ व्होल्टबद्दल. ट्रॅक्टर नीट सुरू होत नाही म्हणून १२ व्होल्ट करायचं असेल, तर करू नका. वरचं सगळं केलेलं ६ व्होल्टचं ८एन कडाक्याच्या थंडीतही अर्ध्या फेऱ्यात पकडतं. दिवे जास्त लावायचे आहेत, अल्टरनेटर हवा आहे, इलेक्ट्रॉनिक इग्निशन घालायचं आहे, ही खरी कारणं. तेव्हा हिशोब नीट करा. प्रायमरीतून चार अँपिअरच्या आसपास करंट हवा, म्हणजे १२ व्होल्टला एकूण रोध तीन ओहम. तीन ओहमची १२ व्होल्टची कॉइल घेतली तर रेझिस्टर नको. ६ व्होल्टचीच ठेवली तर उरलेला रोध रेझिस्टरने भरा, आणि कॉइल मोजून मगच ठरवा. अल्टरनेटर बहुतेक निगेटिव्ह अर्थचे असतात, म्हणजे बॅटरी उलटी जोडावी लागते आणि अँमीटरच्या वायरी अदलाबदल कराव्या लागतात. बॅटरी जुन्या पद्धतीने जोडली तर डायोड त्याच क्षणी जातात. तीन वायरींचा अल्टरनेटर असेल तर त्याच्या एक्साइट वायरीत (अल्टरनेटरला जागं करणाऱ्या वायरीत) डायोड टाका, नाहीतर तो मागून इग्निशनला पुरवठा करतो आणि चावी बंद केली तरी इंजिन चालूच राहतं. जुना ६ व्होल्टचा स्टार्टर १२ वर चालतो, फक्त दातऱ्यावर जोरात आदळतो, म्हणून थोडं थोडं मारा.

६ व्होल्टच ठेवलं असेल तर पहिल्यांदा सुरू करण्याआधी रेग्युलेटरच्या बॅटरी आणि आर्मेचर या टर्मिनलना वायरने क्षणभर स्पर्श करून डायनॅमोला पोलॅरिटी द्या. मग स्विच चालू करून कॉइलच्या वरच्या टर्मिनलवर मोजा: पॉइंट उघडे असताना बॅटरीइतकं, मिटलेले असताना साडेतीन-चार व्होल्ट. मिटलेल्या अवस्थेतही सहा दिसत असेल तर रेझिस्टर अजून वगळलेला आहे किंवा पॉइंट अर्थ होत नाहीयेत. ठिणगी साधारण सहा मिलिमीटरच्या हवेच्या फटीतून निळी आणि कडकन आवाज करत उडाली पाहिजे. पिवळसर, बारीक, वाकडीतिकडी असेल तर पुढे जाऊ नका.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. ८एनचं स्टार्टर बटण गिअर न्यूट्रलमध्ये असेल तरच काम करतं. नवीन वायरिंग करताना "तात्पुरतं" म्हणून त्याला वगळून वेगळं बटण लावू नका, आणि जमिनीवर उभं राहून स्टार्टरच्या टोकांना स्क्रूड्रायव्हर लावून सुरू करू नका. गिअरमध्ये असलेला ट्रॅक्टर सुरू होताच पुढे येतो आणि मोठं मागचं चाक तुमच्यावर येतं. यात माणसं मेली आहेत.

एवढं करून ओढीवर तासभर चालवा. तरीही गरम झाल्यावर बंद पडला तर गार व्हायची वाट न बघता त्याच मिनिटाला ठिणगी तपासा. ठिणगी नसेल तर कॉइलवरचं व्होल्टेज मोजा: व्होल्टेज नीट आहे आणि ठिणगी नाही, तर कंडेन्सर किंवा कॉइल, आणि आता कॉइलवर संशय घ्यायला हरकत नाही. ठिणगी जोरदार असेल तर विजेचा प्रश्न संपला. मग इंजिन निवल्यावर, आग आणि गरम एक्झॉस्टपासून जपून, कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू काढून पेट्रोल डब्यात सोडा. दोन-तीन मिनिटं धार सलग पडली पाहिजे. धार मंदावली आणि टाकीचं झाकण उघडताच पुन्हा जोरात आली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं आहे. झाकण उघडूनही धार बारीकच राहिली तर टाकीखालच्या कॉकमधली जाळी साफ करा.